मेल सर्व्हरवर आपण सगळे मुंडकार

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधला कँटीनचा किस्सा तेवढा ठेवा, त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

फोंड्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. त्याच्याआधी १४ वर्षं मी वेगवेगळ्या कंपन्यांत सिस्टम अ‍ॅडमिन होतो, म्हणजे सर्व्हर सांभाळायचा, मेल चालू ठेवायचं, वर प्रिंटरात कागद अडकला की तोही आपणच काढायचा. गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर लॅपटॉप घेऊन दुकानात आले. गाव सांगत नाही. ते गावातल्या एका संस्थेच्या कमिटीवर आहेत, संस्थेनं सगळ्या मेंबरांना संस्थेच्या नावाचा मेल आयडी दिलाय आणि तो सर्व्हर बघतो अध्यक्षांचा भाचा. मास्तरांना बरेच दिवस संशय, आपण सेक्रेटरीला जे लिहितो ते मीटिंगच्या आधीच अध्यक्षांना कसं काय ठाऊक असतं. म्हणून त्यांनी पासवर्ड बदलला. साधासुधा नाही, १६ अक्षरांचा, एका श्लोकाची आद्याक्षरं आणि मध्ये मध्ये आकडे, आणि तो एका वहीच्या शेवटच्या पानावर लिहून वहीला पेपरचं कव्हर घातलेलं (तुमच्याच पेपरचं होतं, खोटं नाही). वही दाखवून मला विचारतात, "आतां कोणाकूच वाचूंक मेळचें ना मरे?"

मी म्हटलं, "सर, भाच्याक मेळटलें."

मास्तर थोडा वेळ वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मागीर पासवर्ड कित्याक?"

मग पासवर्ड कशाला, हा प्रश्न मला १४ वर्षांत एकाही साहेबानं विचारला नव्हता. त्याचं उत्तर दुकानात गिऱ्हाईक उभं असताना देता आलं नाही, ते इथं देतो.

मुंडकार म्हणजे काय ते गोव्यात कोणाला सांगायला नको. घर आपलं, चूल आपली, दाराला कुलूप आपलं, पण खालची जमीन भाटकाराची. कुलूप आहे ते चोरासाठी, शेजाऱ्यासाठी. भाटकाराला कुलपाशी देणंघेणं नाही. मेलचा पासवर्ड तसाच आहे. बाहेरच्यानं तुमच्या नावानं आत शिरू नये म्हणून तो. सर्व्हर ज्याच्या हातात आहे तो तुमच्या दारातून येतच नाही, जमीनच त्याची. घराच्या मुंडकाराला निदान १९७५ चा कायदा मिळाला, भाटकारानं उठवायचं म्हटलं तर मामलेदाराकडे जाता येतं. मेलच्या मुंडकारानं कुठं जायचं ते पुढं लिहितो, पण आधी आत काय असतं ते बघा, कारण लोकांना वाटतं सर्व्हरात काहीतरी गूढ प्रकार आहे आणि तसं काहीच नाही.

मेल सर्व्हर हा साधा कॉम्प्युटर. लहान ठिकाणी त्यावर विंडोजच्या जागी बहुतेक लिनक्स असतं, त्यावर पोस्टफिक्स नावाचा प्रोग्राम मेल घेतो आणि पाठवतो, डव्हकॉट नावाचा दुसरा प्रोग्राम ते तुमच्या फोनला किंवा आउटलुकला दाखवतो. प्रत्येकाच्या नावाचं एक फोल्डर आणि बऱ्याच ठिकाणी एक मेल म्हणजे एक फाइल. साधी टेक्स्ट फाइल. नोटपॅडमध्ये उघडाल तर वाचता येईल अशी. तुम्ही मेल उघडून वाचलं की त्या फाइलच्या नावाच्या शेपटीला इंग्रजी एस हे अक्षर लागतं, एस म्हणजे सीन, बघितलं. तुमचा पासवर्ड सर्व्हरवर नीट सेटिंग असेल तर घोटून ठेवलेला असतो, हॅश म्हणतात त्याला, तो अ‍ॅडमिनला वाचता येत नाही. पण त्याला तो लागतच नाही. मशीनवर रूट नावाचा जो वापरकर्ता असतो त्याला सगळी फोल्डरं उघडी, आणि रूट म्हणजे अ‍ॅडमिन. त्यानं अशी थेट फाइल वाचली तर एस लागत नाही. तुमच्या बाजूनं ते मेल ठळक अक्षरांत, न वाचलेलंच दिसतं.

आता किस्सा. ओळख पटू नये म्हणून एकदोन बारीक गोष्टी बदलल्यात, बाकी जसंच्या तसं.

२०११ साल, दक्षिण गोव्यातली एक कंपनी, पावणेदोनशे-एक मेलबॉक्स, गणपतीची चवथ आठ-दहा दिवसांवर आलेली. सर्व्हर रूम म्हणजे कँटीनच्या मागची जुनी स्टोअर रूम, एसी गळायचा, खाली निळी बादली, ती दर दोन तासांनी ओतायची ड्यूटी पण माझीच. दुपारी एचआरच्या साहेबांचा फोन. पर्चेसमधली एक बाई नोकरी सोडून दुसरीकडे चाललीय असं त्यांच्या कानावर आलेलं, तर तिचे दोन आठवड्यांचे मेल बघ, कुठं बायोडाटा पाठवलाय काय. लेखी काही नाही. मी मागितलंही नाही, माझं वय तेव्हा २९, साहेबानं सांगितलं म्हणजे काम.

रूट होऊन तिच्या फोल्डरात गेलो, फाइली तारखेप्रमाणे लावल्या आणि एकेक बघत खाली आलो. पाइपांचं कोटेशन. ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल, त्याच्यावरून झालेलं भांडण. बहिणीनं पाठवलेली गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची यादी आणि कोणी किती पैसे घालायचे त्याचा हिशोब. कोणीतरी फॉरवर्ड केलेले विनोद. मग एक हॉस्पिटलचं, चारच ओळी. बायोप्सीचा रिपोर्ट आलाय, डॉक्टरांनी उद्याच भेटायला बोलावलंय, येताना घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन या.

फाइलच्या शेपटीला एस नव्हता.

म्हणजे ती वरच्या मजल्यावर बसून बहुतेक त्याच ट्रान्सपोर्टवाल्याशी फोनवर भांडत होती आणि तिच्याबद्दलची ती गोष्ट तिच्याआधी मला कळलेली, मला, जो तिच्याशी कधी प्रिंटरशिवाय दुसऱ्या विषयावर बोललो नव्हतो. मी फाइल बंद केली. साहेबाला फोन करून सांगितलं, नोकरीबिकरीचं काही नाही. ते ओके म्हणाले. मी बादली ओतली.

चवथ झाल्यावर ती कामावर आली ती मोठा स्टीलचा डबा भरून नेवऱ्या घेऊन. कँटीनमध्ये सगळ्यांना वाटत माझ्या टेबलाकडे आली, मी नको म्हटलं, मान वर होईना. तर मला म्हणते, "कित्या रे, बरें ना तुका?"

पुढं काही महिन्यांनी तिनं नोकरी सोडली. आता बरी आहे, बाजारात दिसते, हसते. मी अजून सांगितलेलं नाही.

हे लिहिण्याचं कारण असं की त्या दिवशी तिथं कोणी चोर नव्हता. मी नव्हतो, आणि खरं सांगायचं तर साहेबही नव्हते, त्यांना फक्त माणूस जातोय काय ते बघायचं होतं. हॅकर नको, व्हायरस नको, एक फोन आणि एक आज्ञाधारक पोरगा पुरला. आपल्याकडे ईमेलच्या सुरक्षेवर कोणी बोलायला उभं राहिलं की ओटीपी सांगू नका, लिंक दाबू नका, एवढ्यावर संपतं. बाहेरच्या चोराबद्दल सगळं आणि घरातल्या चावीबद्दल एक शब्द नाही.

यावर लोक मला हटकून दोनतीन गोष्टी सांगतात. एक म्हणजे ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र आहे की. आहे, आणि ते चांगलंच आहे, ते नसेल तर वापरूच नका, पण ते कुलूप रस्त्यावरचं. तुमच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत, आणि दोन्ही सर्व्हर नीट असतील तर एका सर्व्हरपासून दुसऱ्यापर्यंत मेल बंद थैलीतून जातं. पोस्टाची थैली पणजीहून सील होऊन निघते तशी. पण पोचली की सील तोडतात आणि टेबलावर ओततात, तसं सर्व्हरवर मेल उघडं पडतं. दुसरे म्हणतात आमच्या सर्व्हरची डिस्क एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद आहे. ते डिस्क चोरीला गेली तर उपयोगी. सर्व्हर चालू आहे तोवर डिस्क उघडीच असते, नाहीतर मेल चालणार कसं, आणि अ‍ॅडमिन काम करतो तो चालू सर्व्हरवरच. तिसरे, आणि हे सगळ्यात जास्त, म्हणतात मी डिलीट केलं. केलंत तुमच्याकडून. रोज रात्री बॅकअप होतो त्यात ते आहे, आणि काही कंपन्यांत तर पोस्टफिक्सच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातलेली असते की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत गुपचूप तिसऱ्याच पत्त्यावर टाकायची. एक ओळ. मी स्वतः घातलीय, दोनदा, सांगण्यावरून.

आणि मजकूर एक वेळ बाजूला ठेवा, नुसतं कोणी कोणाला किती वाजता किती मोठं मेल पाठवलं याची नोंद लॉगमध्ये रोज होत असते, तिच्यातूनही पुष्कळ कळतं. २०१३ मध्ये बातमी आली होती, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठानं आपल्याच डीन लोकांची मेल खाती तपासली, एक आतलं मेल बाहेर कोणी फोडलं ते शोधायला, आणि तपासलं काय तर मजकूर नाही, फक्त सब्जेक्टची ओळ. तेवढ्यावर काम झालं. मोठ्या कंपन्यांत असं होत नाही म्हणावं तर गूगलनं २०१० मध्ये आपल्या एका इंजिनीअरला काढला, तो लहान मुलामुलींच्या खात्यात डोकावत होता, आणि याहूच्या एका माजी इंजिनीअरनं २०१९ मध्ये तिथल्या कोर्टात कबूल केलं की सुमारे ६००० खाती उघडली, जास्त करून तरुण बायकांची, खाजगी फोटो शोधायला. तिथं निदान पकडले गेले, कारण लक्ष ठेवणारी किंवा तक्रार ऐकून तपासणारी दुसरी माणसं होती. आमच्या स्टोअर रूममध्ये नोंदी ठेवणारा मी, पुसू शकणारा पण मी.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण दुकानात एक वकील येतात त्यांच्याबरोबर बसून वाचलंय. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा. त्याचं कलम ४३ म्हणतं की कॉम्प्युटरच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय कोणी आत शिरला तर तो दोषी. आता बघा गंमत. मालक कोण, कंपनी. ताब्यात कोणाच्या, अ‍ॅडमिनच्या. म्हणजे भाटकारानं कारभाऱ्याला परवानगी दिली आणि कारभारी मुंडकाराच्या घरात शिरला, यात कलमाच्या नजरेनं अडचण काढायची म्हटलं तर वकिलाला घाम फुटेल. कलम ७२ मध्ये गोपनीयता मोडल्याची शिक्षा आहे पण ती या कायद्यानं ज्यांना अधिकार दिलेत त्यांच्यासाठी. ७२ अ आहे, ते २००८ च्या दुरुस्तीत आलं, पण तिथं माहिती दुसऱ्याला उघड केली पाहिजे आणि कोणाचं तरी नुकसान किंवा स्वतःचा फायदा करायचा हेतू पाहिजे. नुसतं वाचणारा, माझ्यासारखा, त्यात कुठं बसतो ते त्या वकिलांनाही मला नीट सांगता आलं नाही.

२४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून सांगितला, पुट्टस्वामी निकाल. त्याच्यानंतर दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते तर तिकडे युरोपच्या मानवी हक्क कोर्टानं रुमानियाच्या एका नोकरदाराच्या केसमध्ये सांगितलं की कंपनीला कामगाराचे मेसेज बघायचे असतील तर बघणार आहोत, किती बघणार आहोत हे आधी त्याला सांगायला पाहिजे. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, त्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे, ऐकायला बरं वाटतं. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरता येते असंही लिहिलंय, आणि एचआरचे साहेब बोट ठेवतील तर ते बरोबर तिथंच.

पूर्वी पोस्टाचं तरी बरं होतं असं म्हणायची सोय होती. १८९८ च्या पोस्ट कायद्यात पोस्टातल्या माणसानं टपाल फोडलं तर शिक्षा होती. २०२३ मध्ये नवा कायदा आला त्यात ती तरतूद घेतलीच नाही, म्हणजे ईमेल पत्राच्या पातळीला येईल अशी वाट बघत होतो तर पत्रच ईमेलच्या पातळीला आलं. आमच्या आजीचा भाऊ तारवटी होता, त्याची बोटीवरून पत्रं यायची ती पोस्टमनच वाचून दाखवायचा, आजीला वाचता येत नव्हतं. पण वाचतोय कोण ते तिच्यासमोर पडवीत बसलेलं असायचं, तिनं दिलेला चहा पीत. काही नको ते आलं तर तो मध्येच थांबून म्हणायचा, हें मागीर सांगतां. तेवढं तारतम्य तरी माझ्यात त्या दिवशी पाहिजे होतं.

आता करायचं काय. खरा उपाय जुना आहे आणि चांगला आहे, मेल तुमच्या मशीनवरच कुलूप लावून पाठवायचं आणि ज्याला पाठवलं त्याच्या मशीनवरच उघडायचं, मधल्या सर्व्हरला नुसती कुलूपबंद पेटी दिसली पाहिजे. फिल झिमरमन नावाच्या अमेरिकन माणसानं १९९१ मध्ये त्याच्यासाठी पीजीपी नावाचा प्रोग्राम लोकांना वाटला, तर तिथलं सरकार त्याच्या मागं लागलं, जणू शस्त्रं परदेशी विकली, ती चौकशी १९९६ पर्यंत चालली आणि मग सोडून दिली. त्याच पद्धतीची सोय आज थंडरबर्ड या फुकटच्या मेल प्रोग्राममध्ये २०२० पासून आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. दोन चाव्या असतात, एक सगळ्यांना वाटायची, तिनं फक्त कुलूप लागतं. दुसरी आपल्याकडे ठेवायची, तिनंच उघडतं. अ‍ॅडमिननं फाइल उघडली तर त्याला चार पानं भरून अर्थहीन अक्षरं दिसतात. सब्जेक्ट मात्र सगळे प्रोग्राम झाकत नाहीत आणि पाठवणारा, घेणारा, वेळ हे तर झाकताच येत नाही, नाहीतर पोस्टमननं टाकायचं कुठं. त्यामुळं सब्जेक्टमध्ये "बायोप्सी रिपोर्ट" लिहून आत कुलूप लावाल तर फुकट.

हे सोपं आहे असं मी म्हणणार नाही. माझी स्वतःची पहिली चावी मी त्या किस्स्यानंतर महिन्याभरात बनवली, तावातावानं, एवढा अवघड पासफ्रेज, म्हणजे चावीचा लांबलचक पासवर्ड, घातला की पावसाळा संपायच्या आत विसरलो, आणि त्या चावीनं बंद केलेली ११ मेलं आजही माझ्याकडे आहेत, काय लिहिलंय ते मला माहीत नाही. पत्नी म्हणते बरं झालं. तर चावीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवायची, मास्तरांची वही इथं खरोखर कामाला येते. आणि समोरच्यानंही तेच वापरायला पाहिजे ही दुसरी अडचण. व्हॉट्सअपनं २०१६ मध्ये सगळ्यांचे मेसेज असे बंद केले तेव्हा कोणाला चावीबिवी कळलीच नाही कारण कंपनी एक, अ‍ॅप एक. ईमेलला मालक नाही, हजारो सर्व्हर, ज्याचा त्याचा प्रोग्राम, म्हणून ते अजून रखडलंय.

प्रोटॉन मेलसारख्या सेवा २०१४ पासून आहेत, त्या तुमचं मेल तुमच्याच चावीनं बंद करून ठेवतात, दोघंही तिथलेच असतील तर मधल्या कोणाला उघडता येत नाही. बाहेरच्यानं साध्या मेलवरून पाठवलं तर ते तिथं उघडंच पोचतं आणि मग बंद होतं, हे लक्षात ठेवा. आणि ज्याचा सर्व्हर त्याचाच कुलूप लावणारा प्रोग्राम असेल तर शेवटी त्याच्यावर विश्वास आलाच. कॅनडाची हशमेल नावाची सेवा होती, आम्ही पण तुमचं वाचू शकत नाही असंच सांगायची, २००७ मध्ये कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं की आदेश आल्यावर त्यांनी मेलं उघडून दिली. याच्या उलट २०१३ मध्ये अमेरिकेतल्या लाव्हाबिटच्या मालकाकडे सरकारनं सर्व्हरची चावी मागितली, त्याला शेवटी ती द्यावी लागली, पण मग त्यानं लाखो लोकांची सेवाच बंद केली. असा माणूस प्रत्येक गावात भेटत नाही.

हे सगळं नको असेल तर निदान कागदाला कुलूप लावा. रिपोर्ट, पगाराचा कागद, कोर्टाचे पेपर, जे असेल ते सेव्हन-झिप नावाच्या फुकटच्या प्रोग्राममध्ये पासवर्ड घालून बंद करायचं, फाइलींची नावं पण झाकायची खूण तिथं असते ती करायची, मग पाठवायचं, आणि पासवर्ड फोनवर सांगायचा. फोनवर! हे ओरडून सांगायचं कारण आमच्याकडे आर्थिक वर्ष संपलं की जी मेलं येतात त्यात पीडीएफला पासवर्ड असतो आणि त्याच मेलमध्ये खाली लिहिलेलं असतं की पासवर्ड म्हणजे आपल्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. अरे, कुलूप लावून चावी कडीलाच अडकवलीत! ऑफिसच्या अ‍ॅडमिनला तर तुमच्या वाढदिवसाचा केक पण माहीत असतो.

आणि घरचं, आजारपणाचं, भावाभावांतल्या जमिनीच्या वादाचं काहीही ऑफिसच्या आयडीवरून पाठवू नका. एवढं केलंत तरी अर्धं काम झालं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर आयडी लिहिताना हात सवयीनं ऑफिसचाच लिहितो, त्या बाईनंही तेच केलेलं.

पण माझं खरं मागणं लोकांकडे नाही, सर्व्हर ज्यांचे आहेत त्यांच्याकडे आहे, आणि मोठ्या कंपन्यांपेक्षा आपल्या गोव्यातल्या शाळा, दवाखाने, पतसंस्था, लहान हॉटेलं यांच्याकडे जास्त, कारण तिथं अ‍ॅडमिन म्हणजे कोणाचा तरी भाचाच असतो. कोणाचं मेल उघडायची खरोखर वेळ येते, नाही असं नाही. माणूस अचानक वारला, त्याच्या खात्यात टेंडरचे कागद अडकलेत. कोर्टाचा आदेश आला. कोणाचं खातं हॅक होऊन त्याच्यावरून स्पॅम सुटलाय. उघडा की. पण लेखी अर्ज घ्या, त्याच्यावर दोघांच्या सह्या पाहिजेत आणि त्यातला एक तरी मागणाऱ्याच्या हाताखालचा नको. काय शोधायचं ते आधी ठरवा, म्हणजे बायोडाटा शोधताना माटोळीची यादी वाचायला नको. लॉग दुसऱ्या मशीनवर जाऊ दे, जिथं अ‍ॅडमिनला पुसता येत नाही. आणि काम झाल्यावर त्या माणसाला कळवा, तुझं मेल अमक्या दिवशी अमक्या कारणासाठी बघितलं. हे शेवटचं कोणालाच आवडत नाही, मी एका कंपनीत सुचवलं तर साहेब हसले, म्हणाले मग बघायचा उपयोग काय. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची ऑफिसवाली सेवा घेतलेल्यांनी निश्चिंत होऊ नका, तिथल्या अ‍ॅडमिनलाही कर्मचाऱ्याचं मेल शोधायची हत्यारं मिळतात, पण निदान कोणी शोधलं त्याची नोंद मागं राहते, ती अधूनमधून कोणीतरी उघडून बघा.

स्वतःचा सर्व्हर असेल तर डव्हकॉटमध्ये प्रत्येकाचं मेल त्याच्या पासवर्डला बांधलेल्या चावीनं बंद ठेवायची सोय आहे. ठरवून दगाबाजी करणारा अ‍ॅडमिन तीही चुकवेल, मेल आत येतानाच प्रत काढेल किंवा तुम्ही लॉगिन करताना पासवर्ड पकडेल. पण त्यासाठी त्याला मुद्दाम गुन्हा करावा लागेल. मी जे केलं ते, म्हणजे साहेबाच्या फोनवर जाताजाता फाइल उघडणं, ते बंद होईल. पासवर्ड विसरला तर जुनं मेल गेलं हे मात्र सगळ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर शिव्या अ‍ॅडमिनला.

अ‍ॅडमिन मंडळी हे वाचून माझ्यावर चिडतील. त्यांना एवढंच विचारतो, ज्या दिवशी खरंच काही बाहेर फुटेल आणि कंपनी विचारेल की मेल बघू शकणारा कोण कोण होता, तेव्हा त्या यादीत तुमचं एकट्याचं नाव असावं असं तुम्हाला वाटतं काय? मला २०११ नंतर कधी वाटलं नाही. पुढच्या नोकरीत मी पहिल्याच आठवड्यात म्हटलं की रूटचा पासवर्ड अर्धा माझ्याकडे आणि अर्धा अकाउंट्सच्या साहेबाकडे ठेवू. त्यांनी आपला अर्धा मॉनिटरला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवला, ते वेगळं.

मास्तरांचं सांगायचं राहिलं. त्यांच्या लॅपटॉपवर थंडरबर्ड घालून दिलं, चावी बनवली, सेक्रेटरी त्यांचेच जुने विद्यार्थी, त्यांच्याकडेही घातलं. दोन दिवसांनी मास्तरांचा फोन, भाच्यानं विचारलं म्हणे, सर, तुमच्या मेलात काहीतरी बिघडलंय काय, नुसती घाण अक्षरं येतायत. मास्तरांनी त्याला विचारलं, तुका कशें कळ्ळें?

हे पत्र तुमच्या ऑफिसच्या मेलवर पाठवतोय, सब्जेक्टमध्ये फक्त 'वाचकांचं पत्र' लिहिलंय. माझं नाव आणि पत्ता वेगळ्या फाइलमध्ये जोडलाय, तिला पासवर्ड आहे, तो मी सोमवारी अकरा वाजता फोन करून सांगेन, तुम्हालाच, रिसेप्शनवर नाही. नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक माजी सिस्टम अ‍ॅडमिन, फोंडा